कामाची मागणी आणि तारखेची पोच

मंगळवेढ्याच्या काळ्या जमिनीतील मालदांडी ज्वारीची काढणी व मळणी आटोपली की उन्हाळ्यात शेतमजुरांच्या हातांस काम उरत नाही. १९७२ च्या दुष्काळात राज्यभर कामे निघाली. तथापि काम मागण्याचा कायदेशीर हक्क ग्रामीण मजुरास महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम, १९७७ याने दिला. हा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. मागणीपासून १५ दिवसांत काम, अन्यथा बेकारी भत्ता, हे त्याचे मर्म होय.

परंतु तोंडी विनंतीने हे दिवस मोजले जात नाहीत. म्हणून ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी भूमिहीन, स्त्रिया व अपंग यांचेही लेखी अर्ज भरून घ्यावेत आणि प्रत्येकास तारखेची पोच मिळवून द्यावी. पोच नसल्यास हक्क असूनही तो सिद्ध करता येत नाही.