मतदार तीन हजार, मते सहा हजार

गुलामगिरी हवी की नको, हे तिथल्या रहिवाशांनीच ठरवावे, असे अमेरिकेच्या काँग्रेसने 1854 मध्ये कॅन्सस प्रांताबाबत ठरवले. ऐकायला न्याय्य, पण ज्यांच्या पायात बेड्या होत्या त्यांना मत नव्हतेच.

30 मार्च 1855 रोजी प्रांतिक विधिमंडळाची निवडणूक झाली. जनगणनेनुसार मतदार होते 2905, मते पडली सहा हजारांहून जास्त! शेजारच्या मिसुरीतून गुलामगिरीचे समर्थक बंदुका, सुरे घेऊन टोळ्याटोळ्यांनी आले, मते टाकून घरी परतले. त्यांना चिथावणाऱ्यांत डेव्हिड ॲचिसन हे मिसुरीचे माजी सिनेटरही होते. अशा मतांवर निवडून आलेल्या सभागृहाने गुलामाला पळून जायला मदत करणाऱ्याला मृत्युदंडापर्यंत शिक्षा ठेवली. विरोधकांनी टोपेका गावात स्वतःचे वेगळे विधिमंडळ उभारले, आणि पुढे रक्तपात झाला.

ऑक्टोबर 1857 च्या निवडणुकीत ऑक्सफर्ड या मोजक्या घरांच्या वस्तीतून सोळाशेवर मते आली. यादीतली नावे दूरच्या सिनसिनाटी शहराच्या डिरेक्टरीतून सरळ उतरवलेली होती. गव्हर्नर रॉबर्ट वॉकर स्वतः दक्षिणेच्या राजकारणातले, गुलामगिरीला अनुकूल. तरी त्यांनी ती मते रद्द केली. हे धैर्यच. विधिमंडळ गुलामगिरीविरोधकांकडे गेले आणि 1861 मध्ये कॅन्सस गुलामगिरीमुक्त राज्य म्हणून संघराज्यात सामील झाले.