शर्यतीच्या पिस्तुलाचा वरचा साज

घंटी वाजते. समोर लाकडी आडोशांमागे पुठ्ठ्याची लक्ष्ये मांडलेली असतात. काही उघडी, काही अर्धवट झाकलेली, एखादे डोलणारे. स्पर्धक धावतो, थांबतो, प्रत्येक लक्ष्यावर दोन दोन गोळ्या झाडतो, चालता चालता मॅगझीन बदलतो, आणि २० सेकंदांच्या आतबाहेर ३० गोळ्या संपलेल्या असतात. एक पंच घड्याळातील वेळ वाचतो, दुसरा पुठ्ठ्यावरील भोके तपासून गुण सांगतो. गुणांना सेकंदांनी भागून जो आकडा येतो त्यावर निकाल ठरतो. १५० पैकी १५० गुण मिळवून २० सेकंद घेणाऱ्याच्या वाट्याला ७.५ येतात, १४४ च गुण मिळवणारा १८ सेकंदांत परतला तर त्याला ८ मिळतात. एकही नेम न चुकलेला मनुष्य येथे हरू शकतो.

व्यावहारिक पिस्तूल-नेमबाजी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना १९७६ च्या मे महिन्यात अमेरिकेतील मिसुरी राज्यात, कोलंबिया येथे स्थापन झाली. जेफ कूपर हे तिचे पहिले अध्यक्ष. अचूकता, सामर्थ्य आणि वेग या तिन्हींना सारखा मान द्यावयाचा, असे तिचे ब्रीद ठरले. खेळाचे विभाग अनेक आहेत. परंतु ज्या विभागात पिस्तुलावर जवळजवळ कोणताही संस्कार करण्याची मुभा असते, तो ‘ओपन’ विभाग. तेथील हत्याराला खेळाडूंच्या बोलीत ‘शर्यतीचे पिस्तूल’ म्हणतात.

अशा पिस्तुलाचे दोन भाग असतात. खालच्या भागात मूठ, चाप, घोडा आणि मॅगझीनची जागा. वरच्या भागात नळी, नळीवरून मागेपुढे सरकणारे पोलादी आवरण म्हणजे स्लाइड, आणि तिला पुन्हा पुढे ढकलणारी स्प्रिंग. एक आडवी खीळ काढली की वरचा सबंध साज खाचांतून पुढे निघून येतो. हात, चाप आणि मूठ यांची जानपछान वर्षानुवर्षांच्या सरावाने झालेली असते. ती कोणी सहसा मोडू इच्छीत नाही. म्हणून प्रयोग होतात ते वरच्या साजावर. साधी जड स्लाइड बरी, की पोखरून हलकी केलेली? नळीच्या तोंडाशी काँपेन्सेटर असावा का? नळीला वरून भोके पाडावीत का? या प्रश्नांवर खेळाडूंमध्ये जे वाद होतात ते बहुधा ‘हाताला कसे वाटते’ या शब्दांत होतात. हाताला वाटणे ही मात्र येथे फारशी विश्वासू साक्ष नव्हे.

मूळ अडचण धक्क्याची. गोळी जितक्या संवेगाने पुढे जाते तितक्याच संवेगाने पिस्तूल मागे येते. न्यूटनच्या या नियमातून कोणत्याही कारागिराची सुटका नाही. शिवाय नळी मुठीच्या वर असते, त्यामुळे धक्का नुसता मागे न येता मनगटाभोवती पिस्तूल फिरवतो आणि तोंड वर उसळते. ते खाली येऊन पुन्हा लक्ष्यावर बसेपर्यंत दुसरी गोळी झाडण्यात अर्थ नसतो. मग हलक्या काडतुसांनी खेळावे, ही पळवाट कोणालाही सुचेल. नियमांनी ती अडवून ठेवली आहे. गोळीचे ग्रेनमधील वजन आणि सेकंदाला फुटांमधील वेग यांचा गुणाकार करून १००० ने भागावयाचे; ओपन विभागात हा सामर्थ्यांक १६० भरला तरच काडतूस वरच्या श्रेणीचे ठरते. तो १६० च्या खाली आला, तर लक्ष्याच्या मध्याबाहेर पडलेल्या गोळीला ४ ऐवजी ३, आणि त्याहून दूरच्या गोळीला २ ऐवजी १ गुण मिळतो. १२५ च्याही खाली आला तर त्या खेळाडूचे गुणच धरले जात नाहीत. स्पर्धेत खेळाडूची काडतुसे मागून घेऊन गोळी तोलतात आणि वेगमापक यंत्रासमोर झाडून पाहतात. तेथे कोणाची भीड चालत नाही.

आता गंमत अशी की १६० चा आकडा दोन अगदी निराळ्या मार्गांनी गाठता येतो. जॉन ब्राउनिंगच्या १९११ सालच्या प्रसिद्ध पिस्तुलाची .४५ ची गोळी २३० ग्रेन, म्हणजे सुमारे १५ ग्रॅम वजनाची. ती सेकंदाला ७०० फूट गेली की काम झाले. उलट १२४ ग्रेनची, म्हणजे ८ ग्रॅमची बारीक गोळी १३०० फुटांच्या वेगाने धाडली तरी सामर्थ्यांक तोच. संवेग दोन्हीकडे सारखा, म्हणून गोळीपुरता धक्काही सारखाच. फरक दारूचा आहे. जड व संथ गोळीमागे जळणारी दारू गोळीच्या वजनाच्या चाळीस-पंचेचाळिसाव्या हिश्श्याइतकी. हलक्या व चपळ गोळीमागे ती तेरा-चौदाव्या हिश्श्यापर्यंत जाते. साध्या नळीच्या पिस्तुलात ही जादा दारू नुकसानीचीच, कारण तिचा वायू तोंडातून सुटताना पिस्तुलाला आणखी मागे रेटतो. परंतु त्या वायूला कामाला जुंपता आले तर?

१९८० नंतरच्या दशकाच्या प्रारंभी अमेरिकेतील रॉब लेदम आणि ब्रायन एनॉस या खेळाडूंनी नेमका हा विचार धरला. १९२९ पासून बाजारात असलेले, पण तोवर मागे पडलेले .३८ सुपर हे काडतूस त्यांनी उचलले आणि नळीच्या तोंडाशी काँपेन्सेटर बसवला. काँपेन्सेटर म्हणजे पोलादाची एक ठोकळ्यासारखी पेटी. आत आडव्या भिंती, वरच्या अंगाला खिडक्या. गोळी मधल्या भोकातून सरळ निघून जाते. तिच्या पाठोपाठ येणारा दाबाखालचा वायू भिंतींवर आदळून वर सुटतो. वायू वर गेला की नळीचे तोंड खाली दाबले जाते, आणि भिंतीवर आदळताना तो पिस्तुलाला किंचित पुढेही ओढतो. धक्क्याचे खाद्यच धक्क्याला आवर घालू लागते. .४५ च्या पिस्तुलावर हाच काँपेन्सेटर बसवून पाहणाऱ्यांची निराशा होण्याचे कारणही येथेच आहे: वायूच थोडा, तर पेटीने काय करावे?

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावयास हवी. काँपेन्सेटरचा परिणाम सुरू होतो तो गोळी बाहेर पडता पडता. नळीतला गोळीचा प्रवास एक सहस्रांश सेकंदाच्याही आत संपतो आणि तेवढ्या अवधीत स्लाइड जेमतेम दोन-तीन मिलिमीटर हललेली असते. तेव्हा या साजाने सुटलेली गोळी अधिक अचूक होत नाही. लाभ होतो तो पुढच्या गोळीला.

नळीला वरून भोके पाडण्याचा प्रकार वरवर असाच दिसतो, पण त्याचा हिशेब निराळा आहे. येथे वायू गोळी नळीत असतानाच निसटतो. तोंड लवकर दबते हे खरे. परंतु मागचा दाब कमी झाल्याने गोळीचा वेग घटतो, आणि वेग घटला की १६० चा आकडा हातचा जातो. मग तो भरून काढण्यासाठी दारू वाढवावी लागते, म्हणजे उष्णता, आवाज आणि यंत्रावरचा ताण वाढला. भोकांसह आणि भोकांविना अशा दोन साजांची तुलना एकाच काडतुसावर करणारा मनुष्य म्हणूनच स्वतःची फसवणूक करीत असतो. भोकांचा साज त्याला मऊ वाटतो, कारण त्यातून सुटणारी गोळीच दुबळी झालेली असते. प्रत्येक साजाला त्याच्यापुरते काडतूस आणि त्याच्यापुरती स्प्रिंग जुळवून, दोहोंचा सामर्थ्यांक सारखा करून, मगच तुलना सुरू करता येते.

स्लाइडच्या वजनाविषयी तर गैरसमज फारच आहेत. नळीसह स्लाइडचे वजन अर्धा किलो धरले, तर १६० सामर्थ्यांकाचा सुमारे ३.२ एककांचा संवेग तिला सेकंदाला ६.४ मीटर वेगाने मागे फेकतो. तीच पोखरून ४०० ग्रॅमवर आणली तर वेग ८ मीटर होतो, आणि तिच्यातील ऊर्जा १० ज्यूलवरून १३ च्या घरात जाते. म्हणजे हलकी स्लाइड मागच्या टेकूवर अधिक जोराने आदळते! मग हलकी करावयाचीच कशाला? उत्तर परतीच्या प्रवासात आहे. स्प्रिंगने पुढे लोटलेली जड स्लाइड नळीवर येऊन बसते तेव्हा तोंड लक्ष्याखाली डुबकी मारते. हलकी स्लाइड व मऊ स्प्रिंग यांनी ही डुबकी कमी होते. मागच्या आदळण्याचा पुष्कळसा भार काँपेन्सेटरने आधीच उचललेला असतो. याचा अर्थ असा की हलकी स्लाइड काँपेन्सेटरच्या सोबतीने शोभते. एकटी ती पिस्तुलाचे आयुष्यच कमी करील.

हलकी स्लाइड लवकर परतते म्हणून खेळाडू अधिक वेगाने गोळ्या झाडतो, हे म्हणणेही तपासून घ्यावे. स्लाइडची एक फेरी सेकंदाच्या विसाव्या भागात होते. निष्णात खेळाडूच्या दोन गोळ्यांमधील अंतर सेकंदाच्या सातव्या भागाच्या आसपास असते. यंत्र बोटाची वाट पाहत असते, बोट यंत्राची नव्हे. आणि बोट वाट पाहते ती डोळ्याची.

डोळ्याची सोय कोठे बसवावी, हाही वरच्या साजाचाच प्रश्न. १९९० साली ॲडलेडच्या जागतिक स्पर्धेत डग कोनिग लाल ठिपक्याच्या दर्शकासह विजयी झाला आणि ओपन विभागातून लोखंडी माशीचे दिवस संपले. दर्शक खालच्या सांगाड्याला पट्टीने जखडला तर तो स्लाइडबरोबर मागेपुढे धावत नाही. ठिपका वर उठतो आणि परततो, एवढेच डोळ्याला दिसते. त्याची किंमत उंचीत मोजावी लागते. दृष्टीची रेषा नळीच्या पुष्कळ वर जाते, आणि दोन-तीन मीटरवरच्या अर्धवट झाकलेल्या पुठ्ठ्यावर ठिपक्याच्या जागी नेम धरणाऱ्याची गोळी काही बोटे खाली, झाकलेल्या भागात जाऊन बसते.

काँपेन्सेटर, ठिपका वगैरे काहीच न चालणाऱ्या ‘स्टँडर्ड’ विभागात जड, लांब, साधी स्लाइड अजून आपला मान राखून आहे. तेथे वरच्या श्रेणीसाठी सामर्थ्यांक १७० लागतो. वायूची मदत नाही, तेव्हा वजन हाच आधार.

ऑलिंपिकच्या २५ मीटर पिस्तूल नेमबाजीने हा प्रश्न निराळ्या वाटेने सोडवू पाहिला होता. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत संघाचा येव्हगेनी चेरकासोव्ह एक विलक्षण पिस्तूल घेऊन उतरला. त्याचे यंत्र उलटे केलेले होते आणि नळी हाताच्या पातळीइतकी खाली उतरवली होती. धक्का मनगटाच्या वरून न येता सरळ मागे येई, म्हणून तोंड उसळण्याचे कारणच उरत नसे. त्याने रौप्यपदक मिळवले. सुवर्ण रुमानियाच्या स्टेफान पेट्रेस्कूकडे गेले. त्यानंतर त्या रचनेवर बंदी आली. आज नळीचा मध्य अंगठा व तर्जनी यांमधील बेचक्याच्या वरूनच गेला पाहिजे, असा नियम आहे. काँपेन्सेटर आणि नळीची भोके यांनाही २५ मीटरच्या पिस्तुलांत मज्जाव आहे. पिस्तुलाचे वजन १४०० ग्रॅमपेक्षा अधिक चालत नाही आणि चाप १००० ग्रॅमपेक्षा हलका चालत नाही. .२२ च्या गोळीचा संवेग शर्यतीच्या पिस्तुलाच्या पाव हिश्श्याइतकाच, हा एवढाच दिलासा.

कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक मिळवले ते याच बंधनांतील पिस्तुलाने. या स्पर्धेत सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला नेमबाज. त्या प्रकारातील जलद फेरीत लक्ष्य ३ सेकंद समोर येते, ७ सेकंद पाठ फिरवते, आणि दर वेळी हात खालून वर उचलून एकच गोळी झाडावयाची असते.