मार खाणाऱ्याच्या हातात

१९९९ साली निंटेंडो ६४ वर ‘सुपर स्मॅश ब्रदर्स’ आला आणि मासाहिरो साकुराईंनी फायटिंग गेममधला हेल्थ बारच काढून टाकला. मार खाल्ला की टक्के वाढतात आणि टक्के वाढले की पुढचा फटका अधिक लांब फेकतो. पडद्याच्या कडेपलीकडे गेलात की जीव गेला. शून्यावर जेमतेम मागे सरकवणारा फटका सव्वाशे टक्क्यांवर थेट बाहेर भिरकावतो.

पण माझ्या लेखी खरी क्रांती झाली या मालिकेच्या पुढच्या भागात, २००१ च्या ‘मेली’त. फटका बसताच दोन्ही पात्रं क्षणभर गोठतात. तो क्षण संपताना मार खाणाऱ्याची स्टिक कुठल्या बाजूला झुकलेली आहे, त्यावर फेकले जाण्याची दिशा सुमारे १८ अंशांपर्यंत वळते. खेळाडू याला डीआय म्हणतात. आडवे फेकले जात असाल तर स्टिक वर, मंचाच्या बाजूला धरायची, म्हणजे वाट पडद्याच्या कोपऱ्याकडे वळते. कोपरा सगळ्यात लांब, तिथे पोहोचण्याआधीच वेग ओसरतो आणि परतायची संधी मिळते. ज्याने मार खाल्ला त्यालाही त्याच क्षणी एक निर्णय घ्यायचा असतो, आणि मारणाऱ्याला तो ओळखून पुढची चाल रचावी लागते. दोघांची ही झटापट मला या खेळाचा प्राण वाटते.

२००८ च्या ‘ब्रॉल’ने बचाव फारच सोपा केला. फेकलं जात असतानाच चकवा देऊन सुटता यायचं, त्यामुळे सलग फटक्यांची साखळी जमणं अवघड झालं. २०१४ च्या आवृत्तीत ‘रेज’ आला: स्वतःचे टक्के ३५ च्या पुढे गेले की आपले फटके आपोआप जास्त लांब फेकू लागायचे. हे मला मुळीच पटलं नाही. डीआय कमवावा लागतो; रेज नुसता मार खाल्ल्याचं बक्षीस होता. २०१८ च्या ‘अल्टिमेट’ने त्याचा कमाल जोर १५ वरून १० टक्क्यांवर आणला. शिवाय फेकले जाण्याचा सुरुवातीचा वेग वाढवल्याने हवेत हतबल राहण्याचा वेळही घटला.

मार खाणाऱ्याच्या हाती निर्णय देण्याचा विचार साकुराईंच्या घराबाहेरही पोहोचला होता. २०१७ साली पूर्ण स्वरूपात आलेल्या ‘रायव्हल्स ऑफ इथर’ने ‘स्मॅश’मधली ढाल काढली, मंचाच्या कडेला लटकणंही काढलं. डीआय मात्र ठेवला.