रॅम रॅम, स्पॅम!

चाकणहून पार्ट्सचं शेड्यूल मेलवर येतं, भोसरीच्या वर्कशॉपमधून कोटेशन मेलवर जातं आणि दोघांच्या मधे घुसतं कुठल्याशा लॉटरीचं बक्षीस. मेल सर्व्हर या घुसखोराला कसा धरतो, माहीत आहे का? सगळ्यांचीच झडती घेऊन. झिप फाइलचे खिसेसुद्धा उलटे करून!

आधी विक्रमवीराला सलाम. जगातला पहिला स्पॅम मानतात तो 3 मे 1978 चा. डीईसी या कॉम्प्युटर कंपनीच्या गॅरी थुर्क यांनी नव्या मशीनची जाहिरात अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वजावरच्या सुमारे 400 जणांना एका दमात धाडली. बोंबाबोंब झालीच, पण त्यातून कोट्यवधींचा धंदाही झाला, असं थुर्कसाहेब सांगत राहिले. झालं, चटक लागली!

आता खरी गंमत. लिनक्स सर्व्हरवर हे चेकिंग बऱ्याचदा अ‍ॅमाविस हा प्रोग्रॅम सांभाळतो. मेल आला की तो टेम्पररी फोल्डरमध्ये उतरवतो, अटॅचमेंट सुट्या करतो, क्लॅमएव्हीला व्हायरस शोधायला लावतो, स्पॅमअ‍ॅसॅसिनकडून गुण घेतो. मग सगळं पुसून टाकतो. काही सेकंदांच्या कामासाठी डिस्कवर लिहा, वाचा, पुसा!

डिस्कचा आरपीएम ठाऊक आहे? 7200 च्या डिस्कला एका फेऱ्यासाठी 8.3 मिलिसेकंद लागतात. रॅमचं मीटर पडतं नॅनोसेकंदात. म्हणून हा टेम्पररी फोल्डर थेट रॅममध्ये मांडायचा. त्याचं नाव टीएमपीएफएस. चाकणच्या भाषेत, माल स्टोअरमध्ये न उतरवता थेट लाइनवर! सेटिंग? एफएसटॅब फाइलमध्ये एक ओळ.

पण गुरुवारी लाइट गेली तर? रॅम कोरी करकरीत! तरी मेल जात नाही. पोस्टफिक्स या मेल सर्व्हरने मूळ प्रत डिस्कवरच्या रांगेत धरून ठेवलेली असते. तपासलेला मेल पुढे पोचल्याशिवाय तो ती सोडत नाही. रॅममध्ये हरवते ती फक्त झडतीची कॉपी. मात्र ती रांगच रॅममध्ये हलवायची हौस कुणी करू नये. ऑर्डर गायब झाली तर पर्चेसवाल्यांना काय सांगणार?

आणखी एक. झटपट म्हणजे किती झटपट? डिस्क दमलेली असेल तर फरक जाणवतो. एसएसडी असेल तर कमी. अडकाठी ‘पाठवणारा ब्लॅकलिस्टमध्ये आहे का’ या डीएनएस चौकशीत असेल, तर रॅम काय करणार बिचारी!

मधेच पिंपरी ब्रेक! जंतू मारायची फॅक्टरी इथे जुनीच: हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, स्थापना 1954. पण अँटिबायोटिकपुढे व्हायरस थोडाच नमतो? कॉम्प्युटरमधल्या व्हायरसचा बंदोबस्त पुण्यातल्या काटकर बंधूंनी केला. कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे कैलास आणि कोड लिहिणारे संजय. त्यांची 1995 ची कंपनी म्हणजे आजची क्विक हील.

आता परत रॅमकडे. ‘42.झिप’ नावाची फाइल ऐकलीय? आकार 42 किलोबाइट, पूर्ण उलगडली तर साधारण 4.5 पेटाबाइट! ही रॅममध्ये उघडली तर सर्व्हर आडवा. म्हणून टीएमपीएफएसला हद्द हवी. काहीच सांगितलं नाही तर तो रॅमच्या निम्म्यापर्यंत पसरतो, म्हणून आकडा स्वतः लिहिलेला बरा.

आता गुण देणाऱ्याची गोष्ट. एका नववर्षाची भेट म्हणून स्पॅमअ‍ॅसॅसिनने काय केलं, माहीत आहे का? तारीख फार पुढची असेल तर मेल संशयास्पद, असा त्याचा नियम. 1 जानेवारी 2010 उजाडला आणि त्याच्या लेखी 2010 म्हणजेच ‘फार पुढे’! नेहमीच्या तारखेच्या मेलनाही दंडाचे गुण पडू लागले.

त्याची गुणपत्रिकाही उलटी: 5 गुण मिळाले की नापास. जीट्यूब नावाची 68 अक्षरांची चाचणी ओळ मेलमध्ये टाकली की थेट 1000 गुण. फिल्टर जागा आहे का, हे बघायला अ‍ॅडमिनलोक ती मुद्दाम पाठवतात. म्हणजे जगातला एकमेव स्पॅम, जो अडकला की पाठवणाराच खूश!