शाळेचे संकेतस्थळ : साचा आधी कागदावर

नवे हजेरीपत्रक आखताना शिक्षक प्रथम रकाने ठरवितो, मग रेषा मारतो आणि नावे शेवटी लिहितो. रकाना चुकला तर ती चूक महिनाभर वाहावी लागते. शाळेचे संकेतस्थळ उभारतानाही हाच क्रम पाळावयाचा असतो. आपल्यापैकी पुष्कळजण मात्र संगणकासमोर बसताच नावे लिहू लागतात. म्हणून या विषयाची थोडी फोड करणे इष्ट वाटते.

या कामी उपयोगी पडणारी वर्डप्रेस ही प्रणाली 2003 सालापासून विनामूल्य उपलब्ध असून ती मराठीतही चालते. तिच्या स्थापनेच्या वेळी पडद्यावर एक मार्गदर्शक प्रश्नावली येते. तीस विझार्ड म्हणतात. भाषा कोणती, डेटाबेसचे नाव काय, स्थळाचे शीर्षक काय, चालकाचे नाव, पासवर्ड व ई-मेल कोणते, असे ती क्रमाने विचारते. डेटाबेसविषयीची उत्तरे स्थळासाठी जागा पुरविणाऱ्याकडून आधीच घ्यावीत. अखेरीस एक चौकोन असतो. त्यात खूण केल्यास, या स्थळाची नोंद घेऊ नये, अशी विनंती शोधयंत्रांना केली जाते. स्थळ तयार होईतो ही खूण असू द्यावी. पुढे ती न काढल्यास पालकांना शोधूनही शाळा सापडणे कठीण होते.

विझार्ड प्रश्न विचारतो. विचार मात्र आपणच करावयाचा असतो. त्याचे काम संपल्यावर खरे काम उरते, ते साच्याचे. साचा म्हणजे अनेक पृष्ठांना समान असलेली मांडणी : वर शीर्षक, मध्ये मजकुराची जागा, खाली संपर्क. 2022 च्या जानेवारीत आलेल्या 5.9 या आवृत्तीपासून, ब्लॉक पद्धतीच्या थीममध्ये हा साचा पडद्यावरच बदलता येतो. साच्यात एकदा केलेला बदल तो वापरणाऱ्या सर्व पृष्ठांवर उमटतो. ही मोठी सोय आहे, आणि मोठा धोकाही.

एका शाळेच्या साच्यात तळाशी मुख्याध्यापकांचा खाजगी दूरध्वनी क्रमांक घातला होता. त्यांची बदली झाली, क्रमांक तसाच राहिला. ऐन प्रवेशाच्या दिवसांत पालक त्याच क्रमांकावर विचारणा करीत राहिले. दोष यंत्राचा नव्हता. दिले तेच त्याने सर्वत्र उमटविले.

यास्तव संगणक सुरू करण्यापूर्वी एका कागदावर तीन रकाने आखावेत.

1. साच्यात घालावयाचे : शाळेचे पूर्ण नाव, गाव, तालुका, 11 अंकी यू-डायस क्रमांक व शाळेचा ई-मेल. संपर्क पदाचा द्यावा, व्यक्तीचा नव्हे.

2. स्वतंत्र पृष्ठावर ठेवावयाचे : प्रवेशाच्या तारखा, सुट्ट्या, पोषण आहाराचा तक्ता. जे बदलते ते साच्यात घालू नये.

3. कोठेही न घालावयाचे : मुलांचे आधार क्रमांक, जन्मतारखा, जात, घरचे पत्ते. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने 18 वर्षांखालील व्यक्तीस बालक मानले असून, तिच्या माहितीच्या वापरासाठी पालकांच्या पडताळता येईल अशा संमतीचे तत्त्व घालून दिले आहे. छायाचित्रासाठीही पालकांची लेखी संमती घेणे हेच उचित.

मजकूर युनिकोडमध्येच टंकित करावा. जुन्या फाँटमधील मराठी इतरांच्या पडद्यावर अगम्य अक्षरे होऊन उमटते.

पालक आपली मुले आपल्या स्वाधीन करतात, तशीच त्यांची माहितीही. तिसरा रकाना त्या विश्वासाचा आहे. तो सर्वप्रथम भरावा आणि पुढील शिक्षण परिषदेस येताना हा कागद सोबत आणावा.