फोनमधली चिठ्ठी

मोबाइलवर एखादी वेबसाइट उघडली की खाली पाटी येते, ‘कुकीज स्वीकारा’. पाटी हटावी म्हणून आपण बटण दाबून मोकळ्या होतो. आपण काय स्वीकारलं, ते आज बघू या.

सरकारी दवाखान्यात केसपेपर काढला की नंबर मिळतो. पुढच्या वेळी तो दाखवला की आपली माहिती सापडते. कुकी तशीच. वेबसाइटला आपली आठवण राहत नाही, म्हणून ती आपल्या फोनमध्ये छोटी चिठ्ठी ठेवते. त्यावर बहुधा नुसता नंबर असतो. पुन्हा गेलो की फोन ती चिठ्ठी आपणहून दाखवतो. १९९४ साली नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली या इंजिनिअरनं ही युक्ती काढली. तिच्यामुळेच दर पानावर पासवर्ड द्यावा लागत नाही.

मग काळजी कसली? त्याच पानावर जाहिरात कंपनीही आपली वेगळी चिठ्ठी ठेवू शकते. तिला थर्ड पार्टी कुकी म्हणतात. समजा, बाजारातल्या दहा दुकानांत एकाच मालकाची माणसं बसली आहेत. तुम्ही कुठे साडी पाहिली, कुठे औषध विचारलं, सगळं एकाच वहीत, एकाच नंबरखाली लिहिलं जातं. तुमचं नाव ठाऊक नसलं तरी चालतं.

आपल्याकडे बऱ्याच घरांत फोन एकच. सुनेनं दुपारी पाळी चुकल्याबद्दल वाचलं, तर संध्याकाळी सासऱ्यांच्या हातातल्या त्याच फोनवर गरोदरपणाची जाहिरात येऊ शकते. तिनं अजून कुणाला न सांगितलेली गोष्ट अशी उघडी पडते.

म्हणून तीन सवयी लावू या. पाटीवर ‘नाकारा’ किंवा ‘फक्त आवश्यक’ असेल तर तेच दाबा. बहुतेक वेळा काम अडत नाही. क्रोममध्ये वरचे तीन ठिपके दाबून सेटिंग्जमध्ये जा आणि प्रायव्हसीखाली थर्ड पार्टी कुकीज बंद करा. तिथेच जुन्या कुकीज आणि हिस्ट्री पुसता येते. गटाच्या सामाईक फोनवर ईमेल किंवा बँकेचं काम झालं की लॉगआउट करा. नाहीतर तुमची चिठ्ठी दुसरीच्या हाती राहते.

खाजगी वाचायचं असेल तर इन्कॉग्निटो खिडकी उघडा. ती बंद केली की तिथल्या कुकीज आणि हिस्ट्री फोनवर राहत नाहीत. पण वेबसाइटला आणि इंटरनेट देणाऱ्या कंपनीला तुम्ही तेव्हाही दिसू शकता, हे ध्यानात असू द्या.

पुढच्या बैठकीत हप्ते जमा झाले की पाच मिनिटं काढा आणि एकमेकींच्या फोनची सेटिंग्ज बघा.