झोप उडाली की वागणं का बिघडतं?

द्रुतगती मार्गावर रात्रभर गाडी चालवणारे असोत की घरी कूस बदलत पडणारे, झोप न झाल्याचा पहिला फटका बसतो तो संयमाला.

• निद्रानाश कधी म्हणायचा? झोपायला पुरेशी सवड असूनही आठवड्यातून किमान ३ रात्री झोप नीट लागत नसेल आणि असं ३ महिने चाललं, तर तो जुनाट निद्रानाश.

• मेंदूत काय होतं? भीती आणि राग चेतवणारा ‘अमिग्डाला’ जास्त उसळतो. त्याला आवरणाऱ्या पुढच्या भागाची पकड सैल होते.

• टोकाचं उदाहरण : १९६३-६४ मध्ये अमेरिकेतला शाळकरी रँडी गार्डनर सुमारे २६४ तास जागा राहिला. त्याची चिडचिड वाढली, विसराळूपणा आला आणि त्याला भासही झाले.

• उलटंही घडतं, मनाच्या आजारानं झोप बिघडते : नैराश्यात झोप मोडते. उन्मादात मात्र माणूस दोन-तीन तास झोपूनही ताजातवाना असतो, अखंड बोलतो, वारेमाप खर्च करतो. वृद्ध व्यक्ती अचानक रात्री बरळू लागली, तर त्यामागे संसर्ग किंवा औषधंही असू शकतात. लगेच डॉक्टरांना दाखवा.

• मदत : ‘टेलि-मानस’ ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, मोफत, २४ तास. झोपेच्या गोळ्या मनाने घेऊ नका.